बालकाच्या ध्वनिचित्रमुद्रित जबाबाचे पुरावामूल्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात घटनेचा साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे ते बालक. म्हणूनच त्याचे कथन कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने नोंदविले यावर पीडित व आरोपी या दोघांचेही भवितव्य अवलंबून असते. अशा नोंदविलेल्या कथनाला न्यायालयात पुरावा म्हणून कोणते स्थान आहे आणि कोणते असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यमान तरतुदी

'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२' अर्थात पॉक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार पोलिसांनी बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. दंडाधिकाऱ्याने बालक सांगेल तसाच जबाब नोंदवावा, असे कलम २५ सांगते. कलम २६ अन्वये शक्य असेल तेथे ध्वनिचित्रमुद्रणही करावयाचे असते.

मात्र इतक्या काळजीने नोंदविलेला हा जबाब स्वतंत्र पुरावा ठरत नाही. साक्षीला पुष्टी देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखविण्यासाठीच त्याचा उपयोग होतो. परिणामी बालकाला विशेष न्यायालयात पुन्हा पहिल्यापासून सारे सांगावे लागते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या पीडित व्यक्तीसाठी २०१३ च्या दुरुस्तीने अपवाद केला. दंडाधिकाऱ्यापुढील तिचा जबाब हाच सरतपासणीच्या जागी धरला जातो आणि न्यायालयात केवळ उलटतपासणी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये ही तरतूद कायम आहे. पाच वर्षांच्या बालकाला मात्र केवळ वयाच्या आधारे तिचा लाभ मिळत नाही. या भेदाचे समाधानकारक तार्किक समर्थन करणे कठीण आहे.

लेखी जबाबाच्या मर्यादा

लेखी जबाबात दोन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे बालकाची भाषा. 'काकांनी मला दुखवलं' हे बोलीतील वाक्य कागदावर उतरताना कायद्याच्या परिभाषेत शिरते. पुढे न्यायालयात बालक पुन्हा आपल्या शब्दांत बोलते, तेव्हा त्या दोन कथनांतील अंतर 'विसंगती' म्हणून मांडले जाते. वस्तुतः ही विसंगती बालकाची नसून लेखनिकाची असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. सलग निवेदनाच्या रूपात लिहिलेल्या जबाबात उत्तरे राहतात, प्रश्न गळून पडतात. उत्तर बालकाने आपणहून दिले की ते सूचक प्रश्नातून वदवून घेतले, हे मग कळण्यास मार्ग उरत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळा प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे मुलांच्या मुलाखती चित्रमुद्रित असल्यामुळेच त्यांतील सूचक प्रश्न ज्यूरींना प्रत्यक्ष पाहता आले. १९९० साली तो खटला एकाही दोषसिद्धीविना संपला. तेव्हा मुद्रण हे केवळ पीडिताच्या बाजूचे साधन आहे, हा समज बरोबर नाही.

उलटतपासणीचा प्रश्न

मुद्रित जबाब थेट पुरावा मानल्यास आरोपीचा उलटतपासणीचा हक्क बाधित होईल, हा आक्षेप गंभीर आहे. पॉक्सोच्या कलम २९ अन्वये काही गुन्ह्यांत आरोपीविरुद्ध गृहीतक धरले जाते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर गंभीर स्वरूपाच्या अत्याचारास मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. अशा कायद्यात उलटतपासणी टाळणे न्याय्य ठरणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही क्रॉफर्ड खटल्यात (२००४) उलटतपासणीची संधी न मिळालेली साक्षस्वरूपाची कथने आरोपीविरुद्ध सामान्यतः अग्राह्य ठरविली.

परंतु उलटतपासणी आवश्यक आहे याचा अर्थ ती उशिराच व्हावी असा नाही. इंग्लंडमध्ये पिगट समितीने १९८९ साली सरतपासणी व उलटतपासणी या दोन्ही खटल्यापूर्वीच मुद्रित करण्याची शिफारस केली. १९९९ च्या कायद्यातील कलम २७ व २८ ने तिला वैधानिक रूप दिले. उलटतपासणीच्या मुद्रणाची प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र २०१३ च्या अखेरीस, तीही प्रायोगिक स्वरूपात, सुरू झाली. कायदा होणे आणि न्यायालयाने सवय बदलणे यांतील अंतर यावरून लक्षात येते.

आपल्याकडे या वाटेवरील काही टप्पे पार पडले आहेत. प्रफुल्ल देसाई खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य माध्यमातून घेतलेली साक्ष ग्राह्य धरली. साक्षी खटल्यात (२००४) पडदा किंवा तत्सम व्यवस्था करण्याचे आणि उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देण्याचे निर्देश दिले. पॉक्सोच्या कलम ३३ नेही प्रश्न न्यायालयामार्फतच विचारण्याची पद्धत स्वीकारली आहे.

निष्कर्ष

कायदा बालकाचे कथन जपून ठेवतो, परंतु त्यावर विसंबत नाही. म्हणून बालकाला ते पुन्हा सांगावे लागते. यावर उपाय म्हणून कलम २६ मधील 'शक्य असेल तेथे' ही सवलत काढून मुद्रण अनिवार्य करावे. अपंग व्यक्तींसाठीची सरतपासणीची तरतूद सर्व बालकांना लागू करावी. कलम ३५ मधील तीस दिवसांच्या मुदतीतच, मुद्रणाची प्रत बचाव पक्षास देऊन, न्यायालयामार्फत उलटतपासणी घ्यावी व तीही मुद्रित करावी. यांतील पहिल्या दोन सुधारणा तिसरीवाचून केल्या, तर आरोपीवर अन्याय होईल. तिन्ही टाळल्या, तर बालकावरील अन्याय आज चालू आहे तसाच चालू राहील.