एका जुन्या शाळेचे नियमपुस्तक

शिक्षणावरील ग्रंथ सामान्यतः दोन जातींचे असतात. मूल कसे घडावे याचे स्वप्न पहिल्या जातीचे ग्रंथ रंगवितात. मूल जसे आहे तसेच बाकावर येऊन बसले आहे असे गृहीत धरून, आता घंटा झाल्यावर काय करावे, एवढेच दुसऱ्या जातीचे ग्रंथ सांगतात. रूसोचा १७६२ सालचा ‘एमिल’ हा पहिल्या जातीचा मुकुटमणी होय. परंतु त्यात एका शिक्षकाच्या वाट्यास एकच शिष्य आहे, आणि तोही कल्पनेतला. दुसऱ्या जातीची पुस्तके शिक्षकाच्या मेजावर झिजून जातात. वाङ्मयाच्या पंक्तीत त्यांस कोणी पाट मांडीत नाही. अशाच एका पुस्तकाचा परामर्श घेण्याचे आम्ही आज योजिले आहे.

झाँ-बातीस्त द ला साल याच्या नावावर असलेले ‘ख्रिस्ती शाळांची कार्यपद्धती’ हे ते फ्रेंच पुस्तक. १७०६ मध्ये ते हस्तलिखित स्वरूपात सिद्ध झाले, आणि ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १७२० मध्ये, आव्हिन्याँ येथे छापले गेले. ला साल १६५१ मध्ये रँस शहरी एका सधन घराण्यात जन्मला. तेथील मुख्य देवळातील मानाची आणि उत्पन्नाची धर्माधिकाराची जागा त्याने १६८३ मध्ये सोडली, पुढील दुष्काळात आपली मालमत्ता गरिबांत वाटली, आणि कारागिरांच्या व गरिबांच्या मुलांसाठी विनाशुल्क शाळा चालविणाऱ्या शिक्षकबंधूंचा संघ उभारण्यात उरलेले आयुष्य वेचले. १९०० मध्ये कॅथलिक धर्मसंस्थेने त्यास संतपद दिले व १९५० मध्ये शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. परंतु येथे आम्हांस त्याच्या संतपणाशी कर्तव्य नाही; त्याच्या पुस्तकाशी आहे.

पुस्तकाची भाषा कोरडी आहे. अलंकार नाही, विनोद नाही, उपदेशाचे पाल्हाळही बेताचेच. प्रस्तावनेत सांगितले आहे की, अनुभवी शिक्षकबंधूंशी वारंवार विचारविनिमय करून, आणि वर्षानुवर्षे पडताळून पाहिल्याखेरीज, यात एकही गोष्ट घातलेली नाही. म्हणजे हे एका मनुष्याचे मत नव्हे, अनेक वर्गांचा अनुभव आहे. म्हणूनच नियमांच्या आडून मुले दिसू लागतात. वर्गातच न्याहारी करण्याची सोय का, उरलेली भाकरी गोळा करून गरीब सोबत्यांस वाटावयाची ती कशी, मुले गैरहजर का राहतात, त्यात आईबापांचे दारिद्र्य किती आणि मास्तराचा कंटाळवाणेपणा किती, याचा तेथे जो विचार आहे तो भल्याभल्या कादंबरीकारांस सुचला नसता.

या पुस्तकातील सर्वांत धीट गोष्ट वाचनाच्या क्रमात आहे. त्या काळी मुलाने प्रथम लॅटिन वाचावयास शिकावे अशी रीत होती. ला सालने ती उलटविली. आधी अक्षरांचा तक्ता, मग अवयवांचा तक्ता, मग फ्रेंच पुस्तके, आणि फ्रेंच अस्खलित वाचता येऊ लागल्यावरच लॅटिन स्तोत्रे, असा त्याचा क्रम आहे. शार्त्रच्या बिशपांपुढे त्याने याची कारणे मांडली होती. गरिबाचे मूल शाळेत थोडीच वर्षे टिकते. तेवढ्यात न समजणारी लॅटिन अर्धवट शिकून ते बाहेर पडले, तर त्यास लॅटिनही येत नाही आणि फ्रेंचही वाचता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होय.

आमच्या पांढरपेशा कुटुंबांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ हा शब्दच इंग्रजी माध्यमाचा पर्याय होऊन बसला आहे. त्याच धर्मसंस्थेच्या एका शाळागुरूने तीनशे वर्षांपूर्वी मुलाच्या ओळखीच्या भाषेसाठी वाद घातला होता, हे आपल्या गावीही नसते. यावर कोणी म्हणेल, इंग्रजी ही लॅटिनसारखी केवळ प्रार्थनेची भाषा नव्हे, ती पोटाची भाषा आहे. आक्षेप खरा आहे. परंतु ला सालनेही लॅटिन हद्दपार केली नव्हती. त्याचा प्रश्न कोणती भाषा, हा नसून कोणती आधी, हा होता. आणि तो प्रश्न या आक्षेपाने सुटत नाही.

वरच्या वर्गांविषयीचा भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. वाचनाच्या अखेरच्या पायरीवर मुलांच्या हाती छापील पुस्तक नसून हाताने लिहिलेले जुने कागदपत्र येतात. आपल्या पंतोजींच्या शाळेत मोडी पत्रे वाचावयास लावीत, त्याची येथे आठवण होते. हिशेब शिकावयाचा तो लिव्र, सू आणि दनिए यांचा: बारा दनिएंचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र. आणे-पैंच्या हिशेबात वाढलेल्या आमच्या वडील पिढीस ही कटकट निराळी समजावून द्यावयास नको. शुद्धलेखनासाठी मुलांनी प्रथम असे कागद उतरून काढावयाचे, आणि पुढे पावती, कर्जरोखा, मजुराशी केलेला करार हे स्वतःच्या बुद्धीने लिहावयाचे. ज्याच्या बापाने न वाचता करारावर खूण केली असेल, त्याच्या मुलाला ही विद्या म्हणजे केवळ शुद्धलेखन नव्हे, संरक्षण आहे.

याच ठिकाणी आणखी एक छोटासा नियम आहे. आठवडाभर जे धर्मशिक्षण झाले, त्यातील जे ध्यानात राहिले असेल ते मुलांनी आपले आपण लिहून काढावे. मास्तरांनी सांगितलेले उतरून घेणे आणि आपल्याला उरलेले लिहिणे यांत केवढे अंतर आहे, हे जो कधी शिकवावयास उभा राहिला आहे त्यास सांगणे नको. पाठांतराने मुलाची जीभ कळते, अशा लेखनाने त्याचे मन कळते. शिक्षकाने धर्मशिक्षणाच्या वेळी व्याख्यान न देता लहान लहान प्रश्न विचारीत राहावे, या नियमाचाही रोख तोच आहे.

तथापि गुणांबरोबर दोष न सांगणे हे टीकाकाराचे काम नव्हे. या शाळेत शांततेचे राज्य अतिरेकी आहे. शिक्षक शब्दांऐवजी हातातील एका लहानशा साधनाच्या आवाजाने खुणा करितो, आणि मुलांनीही अनावश्यक बोलू नये असा दंडक आहे. शिक्षांचे प्रकरण सविस्तर आहे; त्यात संयमाचे पुष्कळ सांगितले असले तरी पट्टी आणि छडी यांस त्यात जागा आहेच. ही शाळा मुलग्यांची होती. आणि सर्वांत मोठी उणीव आमच्या मते अशी: मुलाने पावती लिहावी, करार लिहावा, शिकविलेले आठवून लिहावे, पण स्वतः पाहिलेले, भोगलेले, मनात खुपलेले लिहावे, असे आम्हांस या क्रमात कोठे आढळत नाही. कारागिराच्या मुलाला कारागीर म्हणून सावध करणे येथे साधले आहे. त्याला स्वतःचे सांगणारा मनुष्य म्हणून बोलते करणे साधलेले नाही.

परंतु हा दोष दाखविताना आपल्या घरचे दप्तर उघडून पाहावे. पाचवी-सहावीतील आपल्या मुलांच्या वह्यांत फळ्यावरून उतरविलेल्या उत्तरांखेरीज किती ओळी असतात? आठवड्याच्या शेवटी, पुस्तक मिटून, या सहा दिवसांत तुला काय उरले ते तुझ्या भाषेत लिही, असे त्यांस कोणी सांगते काय? तीनशे वर्षांपूर्वीच्या धर्मशाळेने जेवढे दिले तेवढेही जेथे मिळत नाही, तेथे त्या शाळेच्या उणिवांवर हसण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. पालकांनी शाळेची निवड करताना इमारत आणि माध्यम यांबरोबर हा एक प्रश्नही विचारावा, एवढीच आमची सूचना आहे.