पानात काय उरलं ते बघा



गेल्या वेळी आपण प्रमाणविचारावर बोललो. त्या दिवशी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, हे सगळं ठीक, पण उद्यमनगरात याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्यामुळे आजच्या टीकेचा विषय एखादा ग्रंथ नाही. चार पानांचा एक आराखडा आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी इथंच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. या कंपनीनं गावोगावच्या दूध संस्थांच्या सभासदांसाठी मोबाईल ॲप तयार केलंय. सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, एसएनएफ किती, दर काय बसला, बिल किती झालं, हे सगळं त्यात दिसतं. ॲप लोकांच्या हातात देण्याआधी अख्ख्या कंपनीनं एक दिवस ते वापरून बघायचं ठरलं. त्यांच्या भाषेत 'युजेबिलिटी टेस्टिंग'. आपण वापर-चाचणी म्हणू. नियोजन आमच्या विद्यार्थ्याकडे आलं. त्यानं आराखडा आणून दिला आणि म्हणाला, "सर, जरा नजर टाका." जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला असं म्हणू नये.

आराखडा असा. शनिवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसच्या हॉलमध्ये ऐंशी कर्मचारी जमतील, आठ-आठ जणांचे दहा गट. प्रत्येकाला कामांची चिठ्ठी: कालच्या दुधाची फॅट शोधा, मागचं बिल काढा, तक्रार नोंदवा. मग एक ते पाच तारे देण्याचा फॉर्म, 'ॲप सोपं वाटलं का?' 'इतरांना सुचवाल का?' शिवाय दहा 'निवडक दूध उत्पादक' पाहुणे म्हणून. सुरुवातीला आणि शेवटी एमडींचे दोन शब्द. मग जेवण.

आधी चांगलं काय ते सांगतो. चिठ्ठीवरची कामं उत्तम लिहिली आहेत. 'बिल काढा' एवढंच आहे, 'उजवीकडचं निळं बटण दाबून बिल काढा' असं नाही. उत्तर प्रश्नातच फोडलेलं नाही. हे वाटतं तितकं सोपं नसतं. आम्ही स्वतः काढलेल्या कितीतरी प्रश्नपत्रिका या कसोटीला उतरल्या नसत्या.

आता दोष. पहिला प्रश्न असा की एखादी वस्तू चांगली की वाईट, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात त्याचा विचार केलाय. तो म्हणतो, प्रत्येक वस्तूशी तिघांचा संबंध येतो: ती वापरणारा, बनवणारा आणि तिचं चित्र काढणारा. यांतलं खरं ज्ञान वापरणाऱ्याकडे असतं. बासरी कशी हवी हे वाजवणारा सांगतो, बनवणाऱ्यानं ते ऐकायचं. अ‍ॅरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात हेच आणखी घरगुती करून मांडलं. घर बांधणाऱ्यापेक्षा राहणारा ते चांगलं पारखतो, सुकाणू सुतारापेक्षा नावाडी पारखतो आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुणा जास्त चांगली करतो.

या कसोटीवर ऐंशी कर्मचाऱ्यांचं काय होतं? आचाऱ्यांनीच पंगतीला बसून स्वतःला पाच तारे देण्याचा तो प्रकार आहे. त्यांची बोटं काचेवर सरावलेली, ऑफिसात वायफाय, फोन नवा, हात कोरडे. आपल्या रेशन दुकानांतल्या ई-पॉस यंत्रांचं उदाहरण घ्या. अंगठा टेकवला की धान्य, अशी ती व्यवस्था. पण जन्मभर मजुरी करून ज्यांची बोटं झिजली त्यांचे ठसे उमटेनात. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्या हजार माणसांवर ते यंत्र तपासलं असतं तरी ही अडचण दिसली नसती. ती झिजलेल्या बोटांतच होती.

तुम्ही म्हणाल, मग दहा दूध उत्पादक बोलावलेत की! इथं आम्ही अ‍ॅरिस्टॉटलला कोल्हापुरात आणतो. पाहुणा मेजवानीची पारख करतो, हे खरं. पण आपल्याकडे यजमानानं विचारलं, "रस्सा कसा झालाय?" तर पाहुणा काय सांगणार? "लई भारी!" मीठ जास्त पडलेलं असो, मटण शिजलेलं नसो, उत्तर तेच. हा खोटेपणा नव्हे, आपली रीत आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याला मीठ जास्त झालं असं तोंडावर सांगायचं नसतं. म्हणून शहाणी गृहिणी विचारतच नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटी किती वेळा पुढं आली आणि पानात काय उरलं, एवढं ती बघते. हॉलमध्ये खुर्ची, चहा, जेवण देऊन आणि समोर एमडींना बसवून तुम्ही तारे मागितलेत, तर पाचच्या पाच मिळतील. त्यातून पाहुण्यांचा चांगुलपणा सिद्ध होईल, ॲपचा नाही.

आणि लोकांची मतं उलट बाजूनंही फसवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. त्या वेळी कुणी बेळगावात सभा भरवून तारे मागितले असते, तर नांगराला एकही तारा मिळाला नसता. नांगराचा निकाल शेवटी मातीत लागला. पुढं 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणजे प्लेटोचं वाक्य थोडं दुरुस्त करायला हवं. ज्ञान वापरणाऱ्याकडे असतं खरं, पण ते त्याच्या मतात असेलच असं नाही. ते त्याच्या वापरात असतं. आपल्या नैयायिकांनी याला नेमका शब्द दिलाय, 'प्रवृत्तिसामर्थ्य'. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या विचारानं होते. दूरवर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? वाद घालून कळत नाही. जाऊन ओंजळ भरली आणि तहान भागली, की ज्ञान खरं ठरलं. वापर-चाचणी म्हणजे हेच. ओंजळ भरते का ते बघायचं. तहानलेल्या माणसाला 'पाण्याला किती तारे द्याल?' असं विचारायचं नाही.

आता संख्येकडे वळू. ऐंशी कशाला? जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये याचं गणित मांडलं. त्यांच्या आकडेवारीत एका वापरणाऱ्याला सरासरी 31 टक्के अडचणी लागत होत्या. त्या हिशोबानं साधारण सारख्या स्वरूपाच्या पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी उघड होतात. सहाव्यापासून पुष्कळसं तेच ते. गर्दीनं उत्सव साजरा होतो, ज्ञान त्या प्रमाणात वाढत नाही.

मोठी गर्दी जमवून मनापासून केलेल्या प्रयत्नाचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे. 2008 च्या सुमारास गोदरेजनं 'छोटूकूल' हा लहानसा फ्रिज खेड्यांसाठी घडवायला घेतला. त्यासाठी तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सुमारे सहाशे बायकांना एकत्र बोलावून त्यांच्याशी चर्चा केली. कॉम्प्रेसर नाही, झाकण वरून उघडायचं, उचलायला हलका, बॅटरीवरही चालणारा. वस्तू विचारपूर्वक केलेली होती, याबद्दल शंका नाही. तरीही ज्या खेड्यांसाठी ती घडवली तिथं ती अपेक्षेइतकी रुजली नाही. पुढं ती शहरी घरं, लहान दुकानं, गाड्या अशा गिऱ्हाइकांकडे वळवावी लागली. आम्हाला यातून एवढंच दिसतं की मेळाव्यातली बाई झाकण कुठून उघडावं हे नेमकं सांगू शकते. पण घरच्या तीन-साडेतीन हजारांचं काय करायचं, हे मेळाव्यात ठरत नाही. ते घरी ठरतं, आणि तिथं ती एकटी नसते.

हे सगळं आम्ही विद्यार्थ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, टीका पटली. मग करू काय?" आम्ही म्हटलं, हॉल सोड. पहाटे डेअरीवर जाऊ.

गेलो. पन्हाळ्याच्या बाजूचं एक गाव. सहाला दहा कमी. एक बाई किटली घेऊन आल्या. दूध ओतलं, फॅट लागली, पावती मिळाली. विद्यार्थ्यानं नम्रपणे विचारलं, फोनवर हेच बघून दाखवाल का? बाईंनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "फोन न्हाई माझ्याकडं." खातं नवऱ्याच्या नावावर. नोंदवलेला नंबर मुलाचा. मुलगा पुण्यात नोकरीला. ओटीपी जाणार पुण्याला, तोही पहाटे सहाला! चिठ्ठीवरची तिन्ही कामं तिथंच संपली. आराखड्यात जो 'एक वापरकर्ता' होता, तो प्रत्यक्षात तीन माणसं निघाली, दोन गावांत विभागलेली.

पण आम्हाला लागलं ते वेगळंच. विद्यार्थ्यानं स्वतःचा फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा बोट लावलं, पडदा भलतीकडेच गेला. त्या चटकन फोन परत देत म्हणाल्या, "मला न्हाई जमत ह्यातलं. आम्ही अडाणी माणसं." मंडळी, दूध नुसतं बघून फॅट किती लागेल याचा अंदाज बांधणारी ती बाई. पडदा चुकीचा रचला आम्ही शिकलेल्यांनी, आणि अडाणी ठरल्या त्या. ठरल्या कशाला, त्यांनी स्वतःच स्वतःला ठरवलं. तारे मागणाऱ्या फॉर्मवर हे कधीच उमटत नाही. जो स्वतःलाच दोष देतो तो वस्तूला पाच तारे देऊन मोकळा होतो. वाईट वस्तू नुसता वेळ खात नाही, माणसाचा स्वतःवरचा विश्वास खाते. या चाचणीत पणाला लागतं ते हे.

म्हणून आमची सूचना अशी होती. 'कंपनीभर चाचणी' या शब्दांचा अर्थ बदला. अख्ख्या कंपनीनं वापरून बघायचं नाही. एक बाई वापरत असताना अख्ख्या कंपनीनं बघायचं, गप्प बसून. पाच सकाळी, पाच घरं. खातेदार, दूध घालणारी आणि फोनवाला असे तिघेही. दोघांनी तिथं जायचं. एकानं काम सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. परवानगी घेऊन चित्रण करायचं आणि ते हॉलमध्ये सर्वांना दाखवायचं. एमडींनाही, पण दोन शब्दांशिवाय. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. सुरुवातीला एकच वाक्य स्वच्छ सांगायचं: "ताई, परीक्षा आमची आहे, तुमची नाही." फॉर्म रद्द. बोट कुठं अडखळलं, कपाळावर आठी कधी पडली, फोन दुसऱ्याच्या हातात कधी गेला, एवढंच टिपायचं.

आमच्या माहितीप्रमाणे एमडींना पाचांपैकी तीन सकाळी मंजूर आहेत. जेवण मात्र कायम ठेवलंय. ठीक आहे, तेवढं चालेल.

आता प्रश्न विचारा. व्याख्यान कसं वाटलं, हे आम्ही विचारणार नाही. तुम्ही कोल्हापूरची माणसं, काय म्हणाल ते आम्हाला ठाऊक आहे. मधूनच उठून किती जण गेले, ते आम्ही इथून मोजलंय.