भिंतीवरचं ड्रेस्डेन आणि कॅप्शन हरवलेला डेटा

आज पेपर नाही, एक फोटो वाचूया.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी टेबलासमोरच्या भिंतीवर एक फ्रेम लावली. ऑनलाइन मागवलेली, कृष्णधवल, बारीक काळ्या चौकटीची. उंचावरून दिसणारं उद्ध्वस्त शहर आणि पुढे, पाठमोरा, हात पसरून खाली वाकलेला दगडी देवदूत. सोबत एवढंच लिहिलेलं: ‘ड्रेस्डेनचा देवदूत, १९४५’. एकदा एका ज्युनिअरने विचारलं, "हा कुणी काढलाय? कधी? आणि यात माणसं कुठायत?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याच्या स्लाइडवर स्केल बार नसला की सगळ्यात आधी हात वर करणारा मीच!

मग शोधलं. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्बहल्ले केले. फोटोग्राफर रिचर्ड पीटर सप्टेंबरमध्ये शहरात परतले, तेव्हा त्यांचा स्वतःचा फोटोसंग्रह नष्ट झाला होता. हा फोटो त्यानंतरचा, नगरभवनाच्या मनोऱ्यावरून घेतलेला. म्हणजे तो हल्ल्याचा फोटो नाही, हल्ल्यानंतर काही महिन्यांनी उरलेल्या शहराचा आहे. आणि तो देवदूतही नाही. नीट बघा, पंखच नाहीत! ते ‘चांगुलपणा’ या सद्गुणाचं शिल्प आहे, आउगुस्ट श्राइटम्युलर यांनी घडवलेलं. म्हणजे ज्या कॅप्शनवर मी वर्षभर विश्वास ठेवला, ते मुळातच चुकीचं.

आता फोटोबद्दल. रचना म्हणून तो जबरदस्त आहे, यात वाद नाही. मूर्तीचा हात आपली नजर थेट खालच्या भिंतींकडे नेतो. पण माझी तक्रार तिथेच आहे. इतक्या उंचीवरून घरांची नक्षी होते. माणूस दिसतच नाही. त्याच्या जागी मूर्ती उभी राहते आणि आपल्या वतीने शोक करते. आपल्याला काही करायचं उरत नाही. म्हणूनच तो दिवाणखान्यात खपतो.

हे एकच चित्र पुरेसं नाही, हे खुद्द पीटर यांच्या कामातच दिसतं. १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: ‘ड्रेस्डेन, एक कॅमेरा आरोप करतो’. त्यात या फोटोसोबत तळघरांतल्या मृतदेहांचेही फोटो आहेत. तळघर कुणी भिंतीवर लावत नाही. आपण पेपरमध्ये ‘रिप्रेझेंटेटिव्ह इमेज’ लिहितो आणि पन्नासांतली सगळ्यात देखणी टाकतो ना? तसंच हे.

पण मूळ पुस्तकात नेऊन ठेवलं की फोटो पूर्ण झाला, असंही समजू नका. पुस्तक हीसुद्धा एक चौकटच. ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा नाझी प्रचारयंत्रणेने फुगवून दोन लाखांवर नेला होता. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये तो जास्तीत जास्त २५,००० ठरवला. २५,००० हा काही लहान आकडा नाही. पण निष्पाप शहराचं हे चित्र फुगवलेल्या आकड्यालाही सहज चिकटतं. आणखी एक गोष्ट. १३ फेब्रुवारीलाच शहरात उरलेल्या ज्यूंना रवानगीच्या नोटिसा वाटल्या जात होत्या. त्या वाटायला लावलेल्यांपैकी एक होते व्हिक्टर क्लेम्पेरर, स्वतः ज्यू कुटुंबातले भाषातज्ज्ञ. त्या रात्रीच्या गोंधळात कपड्यावरचा पिवळा तारा काढून ते निसटले आणि वाचले. ज्या आगीने हजारो मारले, तिच्यामुळेच काहींची सुटका झाली. हे मनोऱ्यावरून दिसणार नाही. कुठल्याच एका फोटोत दिसणार नाही.

तुम्ही म्हणाल, "मग लावूच नये का? निदान आठवण तरी राहते." मुद्दा खरा आहे. फ्रेम नसती तर ज्युनिअरने विचारलंही नसतं. पण प्रश्न येईल आणि आपल्याकडे उत्तर नसेल, तर ती आठवण नव्हे, सजावट.

मी फ्रेम काढली नाही. खाली चार ओळींची चिठ्ठी चिकटवली: कुणी, कधी, कुठून काढला, आणि यात काय दिसत नाही. आता भिंत पूर्वीइतकी छान दिसत नाही. असू दे.

तुमच्यासाठी एक काम. रिसर्च प्रपोजलसाठी निवडलेलं पहिलं चित्र उघडा, मग ते सूक्ष्मदर्शकाखालचं असो, उपग्रहाचं असो की जुन्या अल्बममधलं. त्याखाली याच चार ओळी लिहून पाहा. पहिल्या तीन शोधाशोध करून सापडतील. चौथीला वेळ लागेल. तिथे थांबा, कारण तुमच्या संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच असतो.