सातशे सव्वीस पत्रे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो प्रामुख्याने कवितेच्या आणि आत्मकथनाच्या वाटेने. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिकडच्या साहित्याचा परिचय मराठीत करून दिला. त्यामुळे त्या लढ्याचा आवाज आपल्याला माहीत आहे. त्याची हिशेबवही मात्र आपण फारशी उघडून पाहिलेली नाही. सभेच्या जागेचे भाडे कुणी भरले, नोकरी गेलेल्या कार्यकर्तीच्या घरी चूल कशी पेटली, सरकारने संस्थेला टाळे ठोकले तेव्हा वर्ग कुठे भरला, हे प्रश्न साहित्याचे नव्हेत असे आपण समजत आलो. मला ते साहित्याचेही वाटतात. दोन पुस्तकांच्या आधारे त्यांच्याविषयी थोडे लिहायचे आहे.

निमित्त आजचे आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर अमेरिकेतील स्वयंसेवी संस्थांमध्ये वांशिक समता आणि समावेश यांची भाषा जोरात सुरू झाली. निवेदने निघाली, त्या कामासाठी खास अधिकारी नेमले गेले, प्रशिक्षणे झाली, मोठ्या प्रतिष्ठानांनी थैल्या सैल केल्या. तीन वर्षांत वारे फिरले. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करणे बेकायदा ठरवले. त्याच वर्षी अटलांटाच्या फिअरलेस फंडावर खटला झाला. त्याचा गुन्हा इतकाच की, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहान उद्योगांना २० हजार डॉलरची मदत देण्यासाठी तो एक स्पर्धा घेत असे. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती स्पर्धा रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद पडली. खटला कोणत्या कायद्याखाली होता? १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली! गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना गोऱ्यांप्रमाणेच करारमदार करता यावेत म्हणून केलेला कायदा.

पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने १९६५ चा अध्यक्ष जॉन्सन यांचा आदेश रद्द केला, आणि केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्याकडे समावेशाचा कोणताही बेकायदा कार्यक्रम चालत नाही असे लिहून द्यावे अशी अट घातली. लिहून दिलेले खोटे ठरले तर १८६३ च्या कायद्याने तिप्पट नुकसानभरपाई. हा कायदाही यादवी युद्धातला, सरकारला फसवणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. बेकायदा म्हणजे नेमके काय, हे आदेशात उलगडून सांगितलेले नाही. भीतीचे काम अशा मोकळ्या सोडलेल्या जागेतूनच होते. प्रकरणे न्यायालयात गेली, पण निकालाची वाट पाहण्याइतका धीर सगळ्यांना नव्हता.

काही संस्थांनी न्यायालयाची पायरी चढली. पुष्कळांनी मुकाट्याने आपल्या अहवालांतून आणि माहितीपत्रकांतून शब्द काढले. ‘वांशिक’ गेले, ‘समता’ गेली. त्यांच्या जागी ‘सर्वांना संधी’, ‘आपलेपणा’ असले गुळगुळीत शब्द आले. यावर नेहमीचा खुलासा असतो : नाव बदलले, काम तेच आहे. हा खुलासा खरा कधी आणि खोटा कधी, हे ओळखण्याची काही कसोटी आहे का, या प्रश्नाने मला या पुस्तकांकडे नेले.

पहिले पुस्तक ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी फंडेड’. ‘इन्साइट’ या कृष्णवर्णीय व अन्य गोरेतर स्त्रियांच्या संघटनेने संपादित केलेला हा लेखसंग्रह २००७ साली निघाला आणि दहा वर्षांनी पुन्हा छापला गेला. त्याच्या मुळाशी एक अनुभव आहे. २००४ साली फोर्ड फाउंडेशनने संघटनेला एक लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. जुलैच्या अखेरीस कळवले की मंजुरी मागे घेत आहोत. कारण संघटनेने पॅलेस्टिनी जनतेच्या मुक्तिलढ्याला पाठिंबा देणारे निवेदन काढले होते. पैसे येणार या भरवशावर कामे आधीच अंगावर घेतलेली. मग या बायकांनी ओळखीपाळखीच्यांना फोन केले, घरगुती मेजवान्या ठेवल्या, टी-शर्ट विकले आणि गेलेली रक्कम उभी केली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण समजत होतो तितके परावलंबी नाही.

या अनुभवावर उभा केलेला सिद्धान्त असा : प्रतिष्ठानांचा पैसा चळवळीला मारत नाही, माणसाळवतो. कार्यकर्त्याचा नोकर होतो, लढ्याचा ‘प्रकल्प’ होतो, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याऐवजी ज्यांनी पैसे दिले त्यांना उत्तरे देण्यात दिवस जातो. हे वाचताना मला आमच्या मोहल्ल्यातला प्रौढ स्त्रियांचा वर्ग आठवला. पहिली दोन वर्षे तो एका खालाच्या ओट्यावर भरायचा. मग अनुदान आले. खोली, फलक, हजेरीपट आले. अनुदान थांबले आणि वर्गही थांबला. ओटा होता तिथेच होता.

तरीही संग्रह वाचून संपवल्यावर मन पूर्ण भरत नाही. बहुतेक लेखांचा सूर आरोपपत्राचा आहे. रूथ विल्सन गिल्मोर यांचा लेख याला अपवाद. त्या अनुदानाला सरसकट नाकारत नाहीत. संस्था टिकवणे हे काम नव्हे, मुक्ती हे काम आहे, याची आठवण देऊन थांबतात. बाकी ठिकाणी पैसा हाच आरोपी. आजचा प्रसंग मात्र असा आहे की देणारा द्यायला तयार असतानाही सरकार आणि न्यायालय मधे येते. शिवाय ज्या बाईला महिन्याच्या पगारावर घर चालवायचे आहे तिने काय करावे, याला ‘स्वावलंबी व्हा’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरे पुस्तक इथे उपयोगी पडते. सेप्टिमा क्लार्क यांचे ‘रेडी फ्रॉम विदिन’. सिंथिया स्टोक्स ब्राउन यांनी घेतलेल्या मुलाखतींतून तयार झालेले हे प्रथमपुरुषी निवेदन १९८६ साली आले. लहानसे पुस्तक, भाषा घरात बसून बोलावे तशी. आधी चळवळ सांगून मग ते बालपणाकडे वळते, आणि ही उलटी मांडणी योग्य वाटते. आधी काम, मग कर्ती.

क्लार्कबाईंचा जन्म १८९८ चा, साउथ कॅरोलिनातील चार्ल्स्टन शहरातला. वडील गुलाम म्हणून जन्मलेले. १९१६ साली त्या शिक्षिका झाल्या तेव्हा चार्ल्स्टनच्या सरकारी शाळेत कृष्णवर्णीय शिक्षकाला जागा नव्हती, म्हणून जवळच्या जॉन्स आयलंड बेटावर शिकवायला गेल्या. चाळीस वर्षे नोकरी झाली. १९५४ च्या शाळा-एकत्रीकरणाच्या निकालानंतर दक्षिणेत उलटवार सुरू झाला. अलाबामाने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेकडून सभासदांची यादीच मागितली. साउथ कॅरोलिनाने कायदा केला की सरकारी नोकराला तिचे सभासद राहता येणार नाही. क्लार्कबाईंनी सभासदत्व लपवले नाही. १९५६ साली नोकरी गेली आणि पेन्शनही गेली.

त्यांनी राज्यातील कृष्णवर्णीय शिक्षकांना ७२६ पत्रे लिहिली. गोरा शिक्षक क्लॅनचा सभासद असू शकतो तर आपण आपल्या संस्थेचे का नाही, असा साधा सवाल. उत्तरे आली २६. अधीक्षकांना भेटायला येऊ म्हणाले अकरा. त्या दिवशी प्रत्यक्ष हजर होते, स्वतः क्लार्कबाई धरून, पाच.

इथे दुसरा कोणीही लेखक समाजाच्या भ्याडपणावर दोन पाने लिहील. आपल्याकडच्या आत्मकथनांत अशी पाने भरपूर आहेत. क्लार्कबाई हे आपल्या आयुष्यातले अपयश म्हणून नोंदवतात. लोकांची तयारी नसताना मी त्यांना ढकलू पाहिले, असे त्या म्हणतात. पुस्तकाचे नाव इथून समजते. तयारी आतून व्हावी लागते, आणि ती करून घेणे हेच काम.

टेनेसी राज्यातील हायलँडर या शाळेने त्यांना बोलावून घेतले. गोरे आणि काळे एका टेबलाशी बसून जेवतात अशी दक्षिणेतली ही विरळा जागा. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात इथल्याच एका वर्गाला येऊन गेल्या होत्या. हायलँडरच्या मदतीने जॉन्स आयलंडवर प्रौढांचा पहिला नागरिकत्व वर्ग जानेवारी १९५७ मध्ये सुरू झाला. त्या बेटावरचे एसाउ जेन्किन्स मजुरांना शहरात नेणारी बस चालवत आणि प्रवाशांना वाटेत राज्यघटनेची कलमे शिकवत, कारण मतदार म्हणून नाव नोंदवायला ती वाचून दाखवावी लागत. वर्गासाठी एक जुनी इमारत घेतली. पुढच्या भागात किराणा दुकान थाटले, मागच्या खोल्यांत वर्ग. दुकान कशासाठी, हे क्लार्कबाई मोकळेपणी सांगतात : गोऱ्यांना मागे शाळा आहे हे कळू नये म्हणून.

शिक्षिका नेमली ती बर्निस रॉबिन्सन, क्लार्कबाईंच्या नात्यातली, ब्युटी पार्लर चालवणारी. तिला शिकवण्याचा अनुभव नव्हता आणि तिने तो नको म्हणून नकारही दिला होता. पण तिची गिऱ्हाइके सगळी कृष्णवर्णीय. कोणी गोरा मालक तिची रोजी काढून घेऊ शकत नव्हता. ७२६ पत्रांचा धडा असा या निवडीत उतरला आहे. हिंमत मागण्याआधी जिची रोजी सुरक्षित आहे अशी बाई शोधली. वर्गात धडे कोणते? स्वतःची सही करणे, मनीऑर्डरचा फॉर्म भरणे, मग घटनेची कलमे.

म्हणजे मुखवटा त्यांनीही घातला होता. आजच्या संस्थांनी शब्द काढले त्याला नुसते नाक मुरडून भागणार नाही, ते यासाठी. फरक कुठे पडतो हे पाहायला हवे. जुलै १९५९ मध्ये हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला; आयुष्यात दारूला न शिवलेल्या क्लार्कबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. १९६१ साली राज्याने शाळेची मान्यता काढून घेतली, मालमत्तेचा लिलाव केला. शाळेने ‘संशोधन व शिक्षण केंद्र’ असे नवे नाव घेतले आणि नॉक्सव्हिल शहरात बस्तान हलवले. नागरिकत्व वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले, आणि प्रशिक्षण जॉर्जियातील डॉर्चेस्टर या चर्चच्या केंद्रात होऊ लागले. त्यासाठी फील्ड फाउंडेशनचे अनुदान होते, आणि तेही चर्चच्या संस्थेमार्फत फिरवून घेतलेले. ‘इन्साइट’च्या सिद्धान्ताला हा तपशील अडचणीचा आहे. नाव बदलले, पत्ता बदलला, पैशाची वाट बदलली. पण टेबलाशी कोण बसते, वर्गात कोण शिकवते आणि काय शिकवले जाते, हे बदलले नाही. १९५७ ते १९७० या काळात अशा ८९७ शाळा चालल्या, असे क्लार्कबाई सांगतात.

माझी कसोटी इतकीच आहे. फलकावरचा शब्द उतरवल्यावर मागच्या खोलीत काय चालू आहे? दुकान पुढे आणि वर्ग मागे असेल तर शब्द गेल्याचे दुःख करू नये. पण शब्दाबरोबर ज्या बाईला ते काम दिले होते तिची जागाही गेली, शिष्यवृत्ती गेली, मंडळावरची खुर्ची गेली, तर मग पुढेही दुकान आणि मागेही दुकानच. एक शंका मात्र मलाही छळते. १९५७ चा किराणा दुकानाचा पडदा बाहेरच्यांसाठी होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला आपण कशाला आलो हे ठाऊक होते. आजचे गुळगुळीत शब्द ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनाही तेच दाखवले जातात. त्यांना कसे कळावे की मागे खोली आहे?

पुस्तकाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. क्लार्कबाई आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत ही बाई कशासाठी, असे विचारणारे पुरुष होते. राल्फ ॲबरनथींचे नाव त्या घेतात. किंग यांच्याविषयी अपार आदर ठेवूनही स्त्रियांचे म्हणणे तिथे ऐकले जात नव्हते, हे लिहून जातात. बाहेरून हल्ला चालू असताना घरातल्या गोष्टी बोलू नयेत, हा सल्ला मुस्लिम लेखिकांना चांगलाच ऐकून माहीत आहे. क्लार्कबाईंनी तो पाळला नाही, आणि त्यामुळे चळवळीचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

पेन्शन त्यांना मिळाली, १९७६ साली, नोकरी गेल्यानंतर वीस वर्षांनी. हे त्या फारसा आवाज न चढवता सांगतात.

एक उणीव मात्र जाणवते. उत्तर न दिलेल्या त्या सातशे शिक्षकांपैकी कुणीही या पुस्तकात बोलत नाही. त्यांच्या घरीही मुले असतील, कर्ज असेल, म्हातारी आई असेल. पत्र हातात पडल्यावर त्यांनी ते चुलीत टाकले की पेटीच्या तळाशी जपून ठेवले? आज शब्द काढणाऱ्या संस्थांतले बहुतेक लोक या सातशेंच्याच जागी उभे आहेत. त्या शिक्षकांपैकी एकाचेही आत्मकथन माझ्या पाहण्यात आलेले नाही. असते तर ही दोन्ही पुस्तके बाजूला ठेवून मी आधी ते वाचले असते.