व्हर्नचे फरारी नानासाहेब

ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘द स्टीम हाउस’ (१८८०) ही कादंबरी औरंगाबादेत सुरू होते. मार्च १८६७ मध्ये तेथे जाहीरनामा लागतो : नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. गर्दीतला एक फकीर तो पाहत असतो, तेच नानासाहेब!

इतिहासातील नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. १८७४ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी एका माणसाला ‘नाना’ म्हणून इंग्रजांच्या हवाली केले. तो नाना नव्हता.

कानपूरच्या बीबीघरात जुलै १८५७ मध्ये बंदिवान स्त्रिया व मुले कापली गेली. आज्ञा कोणाची, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. व्हर्नला मात्र शंका नाही. इंग्रजांच्या सुडाचीही नोंद तो करतो, हे प्रांजळपणाचे. परंतु दुःख सारे कर्नल मन्रोच्या वाट्याला येते, नानांकडे उरतो केवळ द्वेष. घर ओढणारा वाफेचा हत्ती मुलांना खचितच आवडेल.

नागपूरकर वाचक रेंगाळेल तो सातपुड्यातील प्रकरणावर. गोंडांच्या मुलखात नाना दडतात, इंग्रजी शिपाई चालून येतात, भाऊ बाळाराव मारला जातो आणि तोच नाना समजला जातो. पाठलागाचे हे वर्णन पकड घेणारे आहे. पण या परक्याला गोंडांनी थारा का दिला? निष्ठेने, भीतीने, की दारी आलेल्याला परत पाठवू नये म्हणून? त्यांच्या मनात शिरण्याची तसदी व्हर्न घेत नाही. आणि त्या रानातल्या रात्री नानांना बीबीघरातली मुले आठवली असतील काय, हेही तो विचारत नाही.