अंकल, मला वाचवा!

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव परदेशात जन्मले आणि तिथेच वाढले. बारा वर्षांचे झाल्यावर 'आपला इतिहास' बघायला म्हणून त्यांना पुण्याला आमच्याकडे धाडण्यात आले. मराठी त्यांना 'भूक लागली' एवढ्यापुरते येते. तेव्हा शनिवारवाडा दाखवायचा तो इंग्रजीतून. माझे इंग्रजी कचेरीतले. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर'मध्ये पेशवाई बसवायची कशी? म्हणून एक इंग्रजी माहितीपुस्तिका विकत घेतली. हे परीक्षण तिचेच.

सुरुवात ठाकठीक आहे. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, खर्च रुपये १६,११०. (एवढ्यात आपल्या मोरीची फरशीसुद्धा बदलून होत नाही, असे सौ.चे मत पडले.) १७३२ साली वास्तुशांत झाली. पुस्तिकेत तिचे 'हाऊस वॉर्मिंग' झाले आहे आणि लगेच खाली १८२८ ची आग! चिरंजीवांना वाटले, तोच विधी जरा हाताबाहेर गेला.

मग सशाने कुत्र्याला पिटाळले, म्हणून ही जागा निवडली, ती गोष्ट. 'इट इज सेड.' आपण मराठीत 'म्हणतात' म्हणतो तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात थोडे हसू असते. इंग्रजीत छापले की तोच पुरावा होतो. वास्तविक हाच ससा अहमदाबादला आणि विजयनगरलाही कुत्र्यामागे धावलेला आहे. दोष इंग्रजीचा नाही म्हणा. १८८५ सालच्या गॅझेटिअरचे पुणे खंडही इंग्रजीतच आहेत. पण त्यांत निदान मोजमाप तरी आहे.

खरी पंचाईत झाली नारायणरावांपाशी. आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, ही दंतकथा आपल्याला पाळण्यापासून पाठ. पुस्तिका म्हणते, एक अक्षर बदलून 'सीझ'चे 'किल' केले. चिरंजीवांनी बोटे मोजली. एकात पाच अक्षरे, दुसऱ्यात चार, आणि जागेवर एकही जुळत नाही. "हाऊ, अंकल?" मी बुरूज मोजू लागलो. नऊ भरले.

पण 'अंकल, सेव्ह मी' वाचून पोरगा जो हसला, ते मला लागले. ३० ऑगस्ट १७७३. जेमतेम अठरा वर्षांचा पेशवा, मागे गारदी, आणि तो धावत जाऊन मिठी मारतो ती राघोबादादांना, बापाच्या सख्ख्या भावाला. अंकल काय, समोरच्या बिऱ्हाडातले जोशीही असतात, रिक्षावालाही असतो. सगळी गोष्ट त्या 'काका'त आहे, आणि नेमका तोच शब्द पुस्तिकेने खर्ची घातला.

मग तिथेच पायरीवर बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीच समजावले. काका म्हणजे वडिलांचा भाऊ. सख्खा. जसा तुला मी.

त्याने एकदा वर माझ्याकडे पाहिले, उठला, आणि दिल्ली दरवाज्याबाहेर येईपर्यंत सौ.चा हात काही सोडला नाही.