‘क्ष-किरणात दिसते’ म्हणजे नेमके काय?

दातांत भरायचे पदार्थ आणि सिमेंट यांच्या माहितीपत्रकात ‘रेडिओपेक’ हा शब्द तुम्हाला हमखास आढळेल. पदार्थ क्ष-किरण अडवतो आणि चित्रात पांढरा दिसतो, असा त्याचा अर्थ. हा शब्द ज्या मापावर उभा आहे, ते माप पुरेसे आहे का, एवढेच या टिपणात तपासू.

आधी माप समजून घ्या. पदार्थाची १ मिमी जाडीची चकती आणि ॲल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी शेजारी ठेवून एकच क्ष-किरण चित्र घेतात. चकतीइतकी पांढरी पायरी कोणती, ते पाहतात. आयएसओ ४०४९ या मानकानुसार रेझिनच्या पदार्थाला ‘रेडिओपेक’ म्हणायचे, तर त्याने किमान तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमइतके किरण अडवले पाहिजेत. पद्धत सोपी आहे आणि कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा करता येते. ही तिची जमेची बाजू.

आता उणी बाजू पाहा. १ मिमी डेंटिन साधारण १ मिमी ॲल्युमिनियमइतकेच किरण अडवते. एनॅमल जवळपास दुप्पट. म्हणजे किमान अट जेमतेम पार करणारा पदार्थ डेंटिनमध्ये भरला, तर दोन्ही सारखेच करडे दिसतील. कागदावर पास, चित्रात बेपत्ता!

मग पदार्थ जास्तीत जास्त पांढरा करावा का? किरण अडवण्याची क्षमता अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने, ढोबळमानाने त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून सिलिकॉनवर (१४) आधारलेली नुसती क्वार्ट्झची भुकटी फारशी उपयोगी पडत नाही. अशी जुनी काँपोझिट चित्रात किडीसारखी काळसर दिसत. झिंक (३०), झिर्कोनियम (४०), बेरियम (५६), यटर्बियम (७०) मिसळले की काम होते. पण अतिरेकही नडतो. अमाल्गमच्या लख्ख पांढऱ्या सावलीमागे कीड लपू शकते. बिस्मथ ऑक्साइड असलेल्या एमटीए सिमेंटमुळे दात काळवंडल्याचेही आढळले आहे. त्यामुळे मानकात नुसती किमान मर्यादा असणे मला अपुरे वाटते. कामानुसार वरची मर्यादाही हवी.

दुसरा आक्षेप जाडीचा. चाचणी १ मिमीची, पण इम्प्लांटवरची कॅप बसवताना हिरडीखाली राहून गेलेला सिमेंटचा तुकडा त्याहून खूप पातळ असू शकतो. ०.२ मिमी धरला आणि सिमेंट किमान अटीचे असले, तर हिशेब ०.२ मिमी ॲल्युमिनियमचा. तो दिसणे कठीण. शिवाय तुकडा गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला असेल, तर इम्प्लांटचा टायटॅनियम त्याला झाकून टाकतो. असा राहिलेला तुकडा हिरडीला सूज आणतो आणि पुढे इम्प्लांटभोवतीचे हाडही झिजू शकते. म्हणून ‘चित्रात दिसले नाही’ याचा अर्थ ‘तेथे नाही’ असा घेऊ नका.

माप चुकीचे नाही. ते एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. आपण त्याला मोठ्या प्रश्नाचे उत्तर समजतो, ही चूक आपली. मटेरियल सायन्समधला कोणताही आकडा वाचताना विचारा: कशाच्या तुलनेत, आणि किती जाडीला?

स्वाध्याय: दर मिमीला ३ मिमी ॲल्युमिनियमइतके किरण अडवणाऱ्या सिमेंटचा ०.२ मिमी तुकडा किती मिमी ॲल्युमिनियमसारखा दिसेल? तो डेंटिनसमोर आला तर ओळखता येईल का, हे कारणासह लिहा.